हजार विड्यांची मजुरी

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवर बहुधा सरकारांची आणि मोठमोठ्या कंपन्यांची नावे असतात. १९६२ सालच्या एका निकालावर मात्र नगर जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांचे नाव आहे. एका बाजूला भिकुसा यमासा क्षत्रिय ही सिन्नरची नामांकित विडी पेढी, आणि दुसऱ्या बाजूला 'संगमनेर अकोला तालुका विडी कामगार युनियन'. यातले अकोला वऱ्हाडातले नव्हे बरे का. हे आपले प्रवरेकाठचे अकोले. विड्या वळणाऱ्या माणसांच्या संघटनेचे नाव दिल्लीच्या न्यायालयापर्यंत का गेले, ते आज पाहू.

आधी धंदा समजून घेऊ. विडीला यंत्र लागत नाही. मांडीवर सूप, हातात कात्री, पान कापायला मापाचा पत्रा, तंबाखू आणि दोरा, एवढ्यावर काम चालते. पान येते विदर्भ-मध्य प्रदेशाच्या रानातून. ते भिजवायचे, कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचे. मजुरी दिवसावर नसते, हजारावर असते. म्हणून या धंद्यात दोन प्रश्न कायमचे. हजाराला किती पैसे मिळणार? आणि हजार मोजणार कोण? माल देताना खराब म्हणून काही विड्या बाजूला पडतात. त्याला म्हणतात छाट. छाटीची मजुरी नाही. म्हणजे दर तोच ठेवून, नुसती छाट वाढवूनही मजुरी कमी करता येते! त्यातून काम घरी बसून केलेले. मध्ये ठेकेदार. मालकाकडे बोट दाखवावे, तर मालक म्हणणार, ही माझी कामगारच नव्हे.

अशा विखुरलेल्या मजुरांचा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडात क्रॅडली हीथ या गावी बायका घरामागच्या भट्टीवर लोखंडी साखळ्या घडवीत. १९०९ च्या कायद्याने त्यांच्यासाठी किमान दर ठरला. मालकांनी काय केले? हा दर तूर्त नको, अशा कागदावर त्यांच्या सह्या घेऊ लागले. १९१० साली त्या बायका युनियनच्या आधाराने आठवडेच्या आठवडे काम बंद ठेवून बसल्या, तेव्हा कुठे कायद्याचा दर हातात पडला.

आपला किमान वेतन कायदा १५ मार्च १९४८ चा. त्याच्या परिशिष्टात तंबाखू आणि विडीचा धंदा पहिल्यापासून होता. सह्यांची ती पळवाट या कायद्याने आधीच बुजवली. किमान वेतनाहून कमी घेण्याचा करार कामगाराने केला, त्यावर अंगठा उठवला, तरी तो करार रद्दच. दर ठरवण्यासाठी सरकारने समिती नेमली, तर तीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी सारखे असले पाहिजेत. म्हणजे सुपावरून उठून समितीत बोलणारे कोणीतरी हवे. आणि ते संघटनेवाचून कोठून येणार?

याच कायद्यात आणखी एक कलम होते: वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे दर ठरवता येतात. यावर मालकांनी हरकत घेतली. साऱ्या राज्याला एकच दर लावणे शक्य असता जागेजागी निराळे दर लावणे हा पक्षपात आहे, घटनेतल्या समानतेचा भंग आहे, असा तो युक्तिवाद. न्यायालयाने तो मानला नाही. राहणीचा खर्च, कामाचे स्वरूप, परिस्थिती ही गावागणिक बदलते, तेव्हा दरही बदलू शकतो, असे ठरले आणि कायदा टिकला.

निकाल कामगारांच्या बाजूचा खरा. पण या कलमाला दोन धारा आहेत, हेही लक्षात घेतले पाहिजे. पान आणि तंबाखू टोपलीत घालून नेता येते. एका भागात दर चढला की काम स्वस्त भागाकडे सरकते. दर मागणाऱ्यांना शेजारच्याच मजुराची भीती दाखवता येते. म्हणून एका गावची युनियन पुरत नाही. तालुक्याला तालुका जोडावा लागतो. संगमनेर आणि अकोले ही दोन नावे एका युनियनच्या नावात आली, त्याचे मोल इथे कळते.

१९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी वळणारी बाईही कामगार ठरली, आणि छाटीच्या तंट्याला दाद मागण्याची जागा मिळाली. १९४८ चा कायदा आता इतिहासजमा झाला. त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली. ती २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झाली. केंद्राने पायाभूत वेतन ठरवायचे आणि राज्यांनी त्याच्या खाली उतरायचे नाही, असे तिच्यात आहे. दुसऱ्या धारेवर हा काहीसा उपाय.

याच जिल्ह्यात काकडी गावी २०१७ साली शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. विमानतळ कुठलाही घ्या; तिथे सामान उचलणारा, फरशी पुसणारा माणूस ठेकेदाराकडचा असला, तर त्याचेही प्रश्न सूप घेऊन बसलेल्या बाईचेच आहेत: माझा मालक कोण, मला दर कुठल्या गावाचा, आणि माझे काम मोजणार कोण? पहिल्या दोहोंचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडेल. तिसऱ्याचे उत्तर मात्र मोजणीच्या जागी शेजारी कोणीतरी उभे असेल, तरच मिळते.