कान ज्याचा, सूर त्याचा

बोराएवढ्या दोन वस्तू. कानात घातल्या की समोरच्याच्या चटकन लक्षातही येत नाहीत. पण दुकानात किंमत विचारलीत, तर तेवढ्यात एक चांगली दुचाकी येईल, असा आकडा कानावर पडतो. संगीताच्या व्यवसायातले लोक यांना ‘इन-इअर मॉनिटर’ म्हणतात. आपण सोयीसाठी इअरफोन म्हणू. हौशी माणसं यातले दोन-चार जोड समोर ठेवून आठवडेच्या आठवडे विचार करतात, की कुठला घ्यावा? मला त्या वस्तूंपेक्षा त्यांच्या कुळाचं कुतूहल वाटलं. म्हणून थोडं मागे जाऊन पाहिलं, तर एक गंमत हाती आली. ही वस्तू शौकिनांच्या घरात जन्मलेलीच नाही. ज्यांना ऐकू येत नव्हतं, त्यांच्या दारातून ती आपल्याकडे आली आहे.

सुरुवात टेलिफोनपासून करू. १८७६ साली ज्याला टेलिफोनचं पेटंट मिळालं, तो अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल मूळचा बहिऱ्या मुलांचा शिक्षक. त्याच्या आईला जवळजवळ ऐकू येत नव्हतं आणि पत्नी मेबल लहानपणीच्या आजारात बहिरी झाली होती. आवाजाचं विजेत रूपांतर करण्याचा ध्यास या घरात निर्माण झाला, यात नवल नाही. पुढे पाचच वर्षांनी, १८८१ साली, पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर या अभियंत्याने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर ओळीने ध्वनिग्राहक बसवले. प्रदर्शनात लोक रांगा लावून उभे राहत आणि दोन कानांना दोन टेलिफोन लावून दूरवर चाललेलं गाणं ऐकत. गायक डावीकडून उजवीकडे चालत गेला, तर तेही कानांना कळे. घरात बसून कानापाशी मैफल आणण्याची ही पहिली चाहूल होती.

डोक्यावर बसणाऱ्या हेडफोनची गोष्ट १९१० ची. अमेरिकेच्या युटा भागातला नॅथनिएल बाल्डविन हा गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरात बसून हे यंत्र हाताने बनवत असे. मोठ्या प्रार्थनागृहातलं प्रवचन नीट ऐकू येत नाही, या अडचणीतून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. त्याने नमुना अमेरिकन नौदलाकडे पाठवला. नौदलाला तो पसंत पडला, पण हा पठ्ठ्या एका वेळी थोडेच नग देऊ शके. कारखाना म्हणजे स्वयंपाकघरच ना!

बाल्डविनच्या यंत्रात एक युक्ती होती. लोहचुंबकाच्या दोन टोकांच्या मधोमध धातूची एक पट्टी तोलून धरायची. भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून विजेचा प्रवाह गेला की ती पट्टी किंचित डोलते. तिला बारीक काडीने जोडलेला पातळ पडदा मग हवा हलवतो आणि आवाज होतो. याला ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ म्हणतात. थोड्याशा विजेवर मोठा आवाज देणारी ही युक्ती कुणाच्या उपयोगाची? अर्थातच, ज्याला कमी ऐकू येतं आणि ज्याला यंत्र सतत अंगावर वागवायचं आहे त्याच्या! १९४६ साली ह्यू नोल्स यांनी शिकागोत आपली कंपनी काढली. श्रवणयंत्रांसाठी छोटे ध्वनिग्राहक आणि छोटे ध्वनिक्षेपक ती बनवू लागली. हा ध्वनिक्षेपक लहान होत होत तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढा झाला, कानाच्या नळीत मावू लागला. आजच्या कित्येक महागड्या इअरफोनच्या पोटात याच जातीचे ध्वनिक्षेपक एक, चार, कधी दहासुद्धा असतात.

इथून पुढे या कुळाची दोन घराणी झाली. गाण्यात असतात तशीच.

पहिलं घराणं प्रयोगशाळेचं. नोल्स कंपनीत अनेक वर्षं काम केलेल्या मीड किलियन यांनी १९८३ साली ‘एटिमोटिक रिसर्च’ ही संस्था काढली आणि १९९१ साली ‘ईआर-४’ नावाचा इअरफोन आणला. त्यामागचा विचार ऐकण्यासारखा आहे. आपल्या कानाची नळी साधारण २५ मिलिमीटर लांब. एका टोकाला बंद असलेल्या बासरीसारखी ती स्वतःच गुंजते आणि सुमारे तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे सूर वाढवून देते. जन्मापासून आपण तसंच ऐकत आलो आहोत. इअरफोनने नळी बुजवली की ते गुंजन बिघडतं. मग बुजवलेल्या कानाला तेवढी भर यंत्राने परत द्यायला हवी. खुल्या कानाला जे ऐकू आलं असतं तेच पडद्यापाशी पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा या घराण्याचा बाणा.

दुसरं घराणं रंगमंचाचं. रॉक संगीताच्या मंचावर कलाकारांना स्वतःचं गाणं-वाजवणं ऐकू यावं म्हणून पायाशी मोठे स्पीकर ठेवत. ढोल मोठा, म्हणून स्पीकर मोठा. स्पीकर मोठा, म्हणून गाणारा अधिक मोठ्याने. या चढाओढीत कान कलाकारांचेच जात. १९९५ साली व्हॅन हेलन या वाद्यवृंदाचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या मापाचा साचा घेऊन इअरफोन घडवला. खर्जासाठी एक ध्वनिक्षेपक, वरच्या सुरांसाठी दुसरा. कान घट्ट बंद झाल्यामुळे बाहेरचा गोंगाट आत येईना. त्यामुळे हळू आवाजातही सगळं ऐकू येऊ लागलं. इतर कलाकारांनी मागणी केली आणि त्यातून ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी उभी राहिली. इथे हेतू मोजमापाचा नव्हता. वाजवणाऱ्याला ठेका अंगात जाणवायला हवा होता.

माझा एक भाचा ध्वनिमुद्रणाचं काम करतो. त्याने एकदा असेच दोन जोड माझ्यापुढे ठेवले. ‘‘मामू, यातला चांगला कुठला?’’

‘‘काय ऐकायचंय त्याच्यावर आहे, बेटा.’’

मी कविता लिहिणारा, साधा बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाची परीक्षा मला घेता येत नाही, पण अक्षरांची येते. मी आधी कवितावाचनाची एक ध्वनिफीत लावायला सांगितली. मराठीतला स, श, चमच्यातला च आणि चंद्रातला च, आणि आपला ळ! यात ‘स’ची धार साधारण पाच ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. पहिल्या जोडात प्रत्येक अक्षर निवडलेल्या तांदळासारखं वेगळं, अगदी वाचणाऱ्याचा श्वासही ऐकू आला. दुसऱ्यात अक्षरं जरा मऊ झाली, पण तबला लागला आणि डग्ग्याची घुमार छातीत उतरली. मी म्हटलं, ‘‘कामाला हा पहिला. चूक लपवत नाही. रात्री घरी पडून गाणं ऐकायला मात्र दुसरा.’’

पण निवाड्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली बसण्याची. रबरी टोपी कानात सैल बसली की खर्ज गळून जातो आणि दोष मात्र यंत्राला लागतो. दुसरी अधिक फसवी. १९३३ साली बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं, की आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की तो भरून येतो. म्हणजे दोनपैकी जो जोड जरासा मोठा वाजतो, तोच ‘भरदार’ वाटणार. दोन्हींचा आवाज सारखा करून मगच तुलना करावी. गिऱ्हाइकाने एवढं पाळलं, तरी बरेच पैसे वाचतील.

मग सर्वांना आवडेल असा एक आवाज असतो का? अमेरिकेत हर्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास हाच प्रश्न हाती घेतला. नाव आणि किंमत कळू न देता लोकांना वेगवेगळे आवाज ऐकवले. बहुसंख्यांना आवडणारा एक तोल सापडला. पण २०१९ साली त्यांनीच मांडलं, की एका गटाला त्याहून जास्त खर्ज हवा असतो आणि एका गटाला कमी. कमी खर्जवाल्यांत पन्नाशी ओलांडलेले बरेच होते. मी त्याच वयाचा, म्हणून ही नोंद मला विशेष आवडली!

आपल्याला हे नवं नाही. मिरजेत तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांची घरं एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याकडे वळली. २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग घासून जवारी काढतो, तेव्हा गाणाऱ्याचा कल विचारतो. खुली जवारी हवी, की गोल? खुलीत सूर झळझळतो, गोलमध्ये तो मृदू होतो. यातली चांगली कुठली, असा प्रश्न तिथे कुणी करत नाही. कुणाच्या गळ्याला कुठली, एवढंच पाहतात.

शेवटी एक हिशेब सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित. ९० डेसिबलला ही मुदत चारच तासांवर येते. २०२२ साली याच संघटनेने सांगितलं, की जगातल्या १०० कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती अशा ऐकण्यामुळे धोक्यात आहे. कान बंद करणाऱ्या चांगल्या इअरफोनचा मोठा गुण हा, की बसच्या घरघरीतही आवाज वाढवावा लागत नाही. पण तो गुण वापरणाऱ्याने वापरला तर! रस्त्यावर चालताना मात्र तो काढूनच ठेवावा, नाहीतर मागून आलेली गाडी ऐकू यायची नाही.

इअरफोन बिघडला तर दुसरा घेता येतो. कानाच्या आतल्या नाजूक केसपेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. ज्यांना ऐकू येत नव्हतं, त्यांच्या गरजेतून ही वस्तू घडत आपल्यापर्यंत आली. तिचा खुशाल आनंद घ्या, आवडीप्रमाणे निवडा. फक्त आवाज असा ठेवा, की श्रवणयंत्र मागायला आपल्यालाच त्या दारात उभं राहावं लागू नये.