मुंबईची ३९ मिनिटं

आमच्या घरात दोन घड्याळं आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. एक मुलानं आणलेलं, बॅटरीवरचं. ते बरोबर असतं. दुसरं आजोबांचं, लंबकाचं. ते गेल्या पावसाळ्यापासून नेमकं ३९ मिनिटं मागे आहे. आल्यागेल्याला वाटतं, घड्याळ बिघडलंय. काहींना वाटतं, मी बिघडलोय. खुलासा करायचा तर थोडा इतिहास सांगावा लागेल. घाबरू नका, त्यात पानिपत नाही.

पूर्वी गावोगावची घड्याळं सूर्याच्या तंत्रानं चालत. सूर्य डोक्यावर आला की त्या गावाचे बारा वाजले. या हिशेबानं मद्रासचे बारा मुंबईच्या आधी अर्धा तास वाजायचे. मग रेल्वे आली. तिला प्रत्येक गावाचे असे लाड परवडेनात. तिनं मद्रास टाइम धरला. म्हणजे गाडी सुटायची मद्रास टाइमनं आणि उतारू घरून निघायचा मुंबई टाइमनं. मुंबईकर गाडीच्या मागे धावू लागला तो तेव्हापासूनच, असा माझा तर्क आहे.

१८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी (होय, पुण्याच्या कॉलेजातले तेच) सरकारी कचेऱ्यांतही मद्रास टाइम आणला. मुंबईनं नाक मुरडलं. राजाबाई टॉवर तेव्हा नवा कोरा होता, १८७८ साली पुरा झालेला. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी तो आपल्या आईच्या नावानं उभारायला पैसे दिले. आईला डोळ्यांनी दिसत नसे, तिला टोल्यांवरून वेळ कळावी म्हणून, असं सांगतात. युनिव्हर्सिटीनं या टॉवरच्या घड्याळात मुंबई टाइमच ठेवायचं ठरवलं, तेव्हा सरकारनं घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च द्यायला नकार दिला. भाडेकरू ऐकेनासा झाला की मालक जिन्यातला बल्ब काढून नेतो, त्यातलाच प्रकार!

पुढे १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाला एकच टाइम आला. तो मोजायचा मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरून. तिथून मुंबईच्या डोक्यावर यायला सूर्याला सरासरी ३९ मिनिटं लागतात. सरकारनं काय केलं, तर सूर्य पोचायच्या आत मुंबईचे बारा वाजवले. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी काम बंद पाडलं, गिरण्यांवर दगड पडले. हसू नका. बाबू लोकांचा प्रश्न पाच-दहा मिनिटांचा असतो. पण ज्याला अंधारात उठून भोंग्याआधी फाटक गाठायचं असतं, त्याच्या झोपेतून कुणी ३९ मिनिटं कापून नेली तर तो गप्प कसा बसेल? म्युनिसिपालिटीनंही हट्टानं मुंबई टाइम चालू ठेवला. तो काही एकदोन वर्षं नव्हे, चांगली चाळीसएक वर्षं! एकाच शहरात दोन टाइम. कुणी ‘सहा वाजता येतो’ म्हणाला की विचारायचं, ‘कुठल्या सहाला?’

माझे आजोबा त्या काळचे. गिरगावातल्या एका छापखान्यात नोकरीला. छापखाना सरकारी टाइमनं चाले, घर मात्र मुंबई टाइमनं. लढाईच्या दिवसांत, १९४२ ते ४५, सरकारनं देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे ढकललं, तेव्हा आजोबांचं घड्याळ सरकारच्या एक तास ३९ मिनिटं मागे पडलं. त्यांनी काटा हलवला नाही. मुंबई टाइम सगळीकडून गेल्यावरही हलवला नाही.

मी त्यांना पाहिलं ते म्हातारपणी. बाबा कामावरून सहाला घरी यायचे, तेव्हा आजोबांच्या घड्याळात पाच-एकवीस झालेले असत. मग ते गॅलरीत खुर्ची टाकून स्वतःचे सहा वाजेपर्यंत बसायचे. म्हणायचे, “ही ३९ मिनिटं सरकारची नव्हेत, माझी आहेत.” समोरच्या चाळीत कुणी वाळलेलं लुगडं ओढून घेई, खाली गजरेवाला टोपली उतरवी, दोन कौलांच्या मधल्या पट्टीएवढ्या आभाळाचा रंग पालटे.

“आजोबा, काय बघता?”

“काही नाही रे. तेच बघतोय.”

मी पुढे काय केलं? पस्तीस वर्षं डोंबिवलीहून आठ-सातची फास्ट पकडली. एवढ्या वर्षांत जगात जी काही सुंदर गोष्ट घडली असेल ती आठ-सातनंतर घडली असणार, कारण मला दिसली नाही. निवृत्त झालो, पण पाय निवृत्त झाले नाहीत. दूध आणायलाही मी आठ-सात चुकल्यासारखाच पळतो.

आमच्या दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी, ही रोज रांगोळी काढायची. मी तीवरून उडी मारून बाहेर पडायचो. त्या उडीचा मला कोण अभिमान! पस्तीस वर्षांत एकदाही रांगोळी पुसली नाही. गेल्या पावसाळ्यात एकदा फरशी ओली होती, म्हणून खाली बघून उडी मारली. रांगोळी नव्हतीच.

आत येऊन विचारलं, “अगं, आज रांगोळी नाही?”

“आज?” ती म्हणाली. “संक्रांतीपासून नाही काढत. गुडघे वाकत नाहीत.”

म्हणजे पाचसहा महिने मी दररोज सकाळी, जिवापाड सांभाळून, कोऱ्या फरशीवरून उडी मारत होतो. ती आतून बघत होती आणि बोलली नव्हती. आधीच्या हजारो रांगोळ्यांपैकी एक आठवायचा प्रयत्न केला. कमळ असायचं का? की गोपद्मं? काही केल्या आठवेना. माझ्या घराबाहेर रोज एक चित्रप्रदर्शन भरत होतं आणि मला फक्त त्याची रुंदी माहीत होती.

त्याच दिवशी आजोबांचं घड्याळ माळ्यावरून काढलं, तेल घातलं आणि ३९ मिनिटं मागे लावलं. आता नव्या घड्याळात सात वाजले की मी ठिपक्यांचा भोकं पाडलेला कागद घेऊन फरशीवर बसतो. आजोबांच्या घड्याळात सात वाजेपर्यंत मला दुसरं काम सांगायचं नाही, असा घरचा ठराव आहे. ही उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसते आणि डायरेक्शन देते. माझ्या चिमटीतून रांगोळीची रेघ न सुटता ढिगारा सुटतो. परवाच्या कमळाला शेजारच्या मुलीनं ‘पंखा छान आहे’ म्हणून सर्टिफिकेट दिलं.

काल एका ओळीत सात ठिपके हवे होते, मी सहाच टाकले आणि गडबडीनं पुढे निघालो.

“अहो, हळू,” आतून आवाज आला. “कुठली गाडी चुकतेय?”

मी परत पहिल्या ठिपक्यापासून मोजायला लागलो. आतल्या घड्याळात सात वाजायला अजून वीस मिनिटं होती.