उपाहारगृहे आणि पर्यावरण : रूढी, प्रमाणपत्र व कायदा (कामण परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

वसई तालुक्यातील कामण हे गाव तुंगारेश्वरच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले आहे. वसई रोड-दिवा लोहमार्गावरील कामण रोड स्थानक, चिंचोटी-भिवंडी रस्ता आणि जवळून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग यांमुळे हा परिसर वाहतुकीच्या वाटेवर आला आहे. दुसऱ्या बाजूस २००३ साली घोषित झालेले तुंगारेश्वर वन्यजीव अभयारण्य आहे. अशा ठिकाणी धाबा किंवा खानावळ ही केवळ व्यवसायाची बाब राहत नाही. तिचे जळण, पाणी आणि खरकटे यांचा भार थेट जंगलावर व ओढ्यांवर पडतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील उपाहारगृहांच्या पर्यावरणविषयक वाटचालीचा तीन टप्प्यांत विचार केला आहे. या प्रत्येक टप्प्यात पर्यावरणरक्षणाची किंमत कोणी मोजली, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे.

रूढीचा टप्पा

पळसाची पत्रावळ, द्रोण आणि केळीचे पान ही महाराष्ट्रातील पंक्तीची जुनी साधने होत. जेवण झाल्यावर ती उकिरड्यात जात व त्यांचे खत होई. केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या वसईत पानांची उणीव भासण्याचे कारण नव्हते. तथापि, या व्यवस्थेचे सरसकट गौरवीकरण करणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरत नाही. एकदा वापरून टाकून देण्याच्या पात्रामागे सोय होती, तसा विटाळाचा विचारही होता. दुसऱ्याच्या उष्ट्या भांड्याला स्पर्श नको, ही धारणा जातिव्यवस्थेशी निगडित होती. चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवण्याची प्रथा हा त्याच धारणेचा कठोर आविष्कार होय. या पार्श्वभूमीवर मुंबईतील इराणी हॉटेलांनी सर्व जातिधर्मांच्या गिऱ्हाइकांपुढे तीच धुतलेली कपबशी ठेवली, ही घटना सामाजिकदृष्ट्या महत्त्वाची ठरते. पुनर्वापर आणि समता येथे एकत्र आलेले दिसतात.

या टप्प्याची दुसरी मर्यादा जळणाची होती. मुंबईच्या चुलींसाठी ठाणे जिल्ह्यातील जंगलांतून लाकूड व कोळसा जात असे. १८७८ च्या वन कायद्यानंतर स्थानिक आदिवासींच्या जंगलवापरावर निर्बंध आले, शहराची मागणी मात्र कायम राहिली. म्हणजेच पान कुजून मातीत मिसळत असले, तरी चुलीचा भार जंगलावरच होता.

प्रमाणपत्राचा टप्पा

१९९० च्या दशकात पर्यावरणस्नेह हे हॉटेल व्यवसायात प्रतिष्ठेचे मूल्य बनले. विठ्ठल कामत यांनी १९९७ साली मुंबईच्या विलेपार्ले येथे सुरू केलेले ‘ऑर्किड’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. आशियातील पहिले ‘इकोटेल’ प्रमाणित पंचतारांकित हॉटेल म्हणून ते ओळखले जाते. या प्रमाणपत्रासाठी पर्यावरणविषयक बांधिलकी, घनकचरा व्यवस्थापन, ऊर्जाबचत, जलसंधारण आणि कर्मचारी प्रशिक्षण व लोकसहभाग हे निकष लावले जात. सांडपाण्यावर प्रक्रिया करून त्याचा पुनर्वापर करणे हा तेथील व्यवस्थेचा भाग होता. काटकसर व आदरातिथ्य परस्परविरोधी नसतात, हे या प्रयोगाने दाखवून दिले. मात्र त्यासाठी आरंभीची मोठी गुंतवणूक आणि भाड्यातून ती भरून काढण्याची क्षमता लागते. रस्त्याकडेच्या धाब्यापाशी यांपैकी काहीही नसते.

कायद्याचा टप्पा

२६ जुलै २००५ च्या महापुराने तुंबलेल्या नाल्यांतील प्लॅस्टिकचा प्रश्न ऐरणीवर आणला. २००६ साली महाराष्ट्राने अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणासाठी कायदा केला. त्याच कायद्याच्या आधारे २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकच्या पिशव्या व एकदाच वापरायची ताटे, पेले, वाट्या यांवर बंदी घालण्यात आली. १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही एकल वापराच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी लागू केली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हॉटेले व उपाहारगृहांना कचऱ्याचे वर्गीकरण करण्याचे आणि शक्यतो आवारातच ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करण्याचे बंधन घातले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ मधील आदेशानंतर मुंबई महानगरपालिकेने लाकूड व कोळशाच्या भट्ट्या स्वच्छ इंधनावर आणण्यासाठी ८ जुलै २०२५ ही मुदत दिली. रूढीच्या काळात दुर्लक्षित राहिलेला जळणाचा प्रश्न अशा रीतीने न्यायालयामार्फत पुढे आला.

कामणच्या दृष्टीने विचार

नियम मोठ्या व लहान व्यावसायिकांना सारखे वाटले, तरी त्यांचा भार सारखा नसतो. पंचतारांकित हॉटेल स्वतंत्र यंत्रणा उभारू शकते. चार बाकड्यांच्या धाब्याला दंड भरणे किंवा कचरा रात्री ओढ्याकाठी टाकणे हेच दोन मार्ग दिसतात. येथे सामायिक व्यवस्थेचा विचार उपयुक्त ठरतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला ‘निसर्गऋण’ प्रकल्प स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यापासून वायू व खत निर्माण करतो. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेतील डॉ. आनंद कर्वे यांच्या लहान बायोगॅस संयंत्रासाठी २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. अनेक धाब्यांचे खरकटे एकत्र गोळा करून चालवलेले असे संयंत्र कचरा आणि सरपण या दोन्ही समस्या कमी करू शकते.

पत्रावळीचाही पुनर्विचार शक्य आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील वननिवासींचा हक्क मान्य केला आहे. पाने गोळा करणाऱ्या आदिवासी स्त्रियांना रास्त मोबदला मिळाला आणि तोडीला मर्यादा राहिली, तर जुनी वस्तू जुन्या विषमतेशिवाय परत येऊ शकेल. जेथे पाणी पुरेसे आहे, तेथे धुऊन वापरायचे स्टीलचे ताटच अधिक योग्य ठरेल.

समारोप

रूढीने पान दिले पण भेद राखला. प्रमाणपत्राने मार्ग दाखवला पण तो मोजक्यांपुरता राहिला. कायद्याने सर्वांना बांधले पण लहान व्यावसायिकाला साधने पुरवली नाहीत. त्यामुळे कामणसारख्या जंगलालगतच्या गावात तपासणीच्या आधी संयंत्र, कचऱ्याची गाडी आणि स्वस्त स्वच्छ इंधन पोहोचणे आवश्यक आहे. हा क्रम उलटा झाल्यास कायद्याची किंमत धाबेवाला चुकवील आणि धाब्याची किंमत तुंगारेश्वरचे जंगल.