कॅलिफोर्नियातील शेतजमिनीची करसवलत आणि राज्याची देखरेख (१९६५ ते २०११)

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात शहरे झपाट्याने विस्तारू लागली. शेतजमिनीवरील मालमत्ता कर तिच्या उत्पन्नावर नव्हे, तर बाजारभावावर आकारला जात असे. घरबांधणीच्या मागणीने भाव चढला की करही चढे आणि जमीन विकण्यावाचून शेतकऱ्यास गत्यंतर उरत नसे. या प्रश्नावरील उपायाचा व त्यावरील राज्याच्या देखरेखीचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कायद्याचे स्वरूप :
१९६५ चा भूसंवर्धन कायदा विधानसभा सदस्य जॉन विल्यमसन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यानुसार जमीनमालक आणि काउंटी (जिल्हा प्रशासन) किंवा नगर प्रशासन यांच्यात किमान दहा वर्षांचा करार होतो. दरवर्षी त्याची मुदत आपोआप एक वर्षाने वाढते. जमीन शेतीसाठी राखण्याच्या बदल्यात कर-आकारणी शेतीउत्पन्नाच्या आधारे होते. १९६६ च्या घटनादुरुस्तीने या आकारणीस घटनात्मक आधार दिला. कालांतराने सुमारे १.६ कोटी एकर, म्हणजे राज्यातील जवळजवळ निम्मी शेतजमीन या करारांखाली आली.

देखरेखीची साधने :
करार स्थानिक असला, तरी घटलेल्या कराचा भार काउंटीवर पडतो. म्हणून १९७१ च्या कायद्याने राज्याने काउंटींना भरपाईदाखल अनुदान देण्यास प्रारंभ केला. अनुदान देणाऱ्या राज्याला करारांचा हिशेब मागता येऊ लागला. करार मुदतीपूर्वी रद्द करण्यास बाजारमूल्याच्या साडेबारा टक्के शुल्क ठरले. १९८१ मध्ये हेवर्ड शहराच्या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असे रद्दीकरण केवळ असामान्य परिस्थितीतच करता येईल, असे स्पष्ट केले. मात्र त्याच वर्षी विधिमंडळाने काही महिन्यांपुरते रद्दीकरण सुलभ करून दिले. २००३ च्या कायद्याने करारभंग करून उभारलेल्या बांधकामांवर जबर दंड बसविला. न्यायालयाची कठोरता आणि विधिमंडळाची तडजोड अशा दोन्ही प्रवृत्ती या इतिहासात एकत्र आढळतात.

अनुदानबंदी आणि परिणाम :
२००९ च्या आर्थिक संकटात, वर्षाकाठी कोट्यवधी डॉलर असलेले हे अनुदान अवघ्या एक हजार डॉलरवर आणले गेले. यानंतर इम्पीरियल काउंटीने आपल्या करारांचे नूतनीकरण थांबविण्याचा मार्ग पत्करला. २०११ च्या कायद्याने कराराची मुदत दहाऐवजी नऊ वर्षे करण्याची व त्या प्रमाणात शेतकऱ्याची सवलत कमी करण्याची मुभा काउंटींना दिली. राज्याने सोडलेला भार अशा रीतीने अंशतः शेतकऱ्यावर आला.

समारोप :
करसवलत म्हणजे केवळ सोडून दिलेला कर नव्हे. तो भार कोणीतरी उचलत असतो. कॅलिफोर्नियात राज्य त्यातील वाटा उचलत होते, तोवर त्याच्या देखरेखीला वजन होते. अनुदान आटताच नियम कागदावर कायम राहिले. परंतु करार टिकविण्याची काउंटींची इच्छा क्षीण झाली. शेतजमीन वाचविण्याचे धोरण आखताना खर्चाची जबाबदारी आणि देखरेखीचा अधिकार यांची फारकत करता येत नाही, हाच या अनुभवाचा निष्कर्ष होय.