टाकीतली काठी, डॅशबोर्डवरचा काटा

पेट्रोल पंपावर सकाळी लवकर गेलात तर एखादा कर्मचारी जमिनीखालच्या टाकीच्या तोंडातून धातूची लांबलचक पट्टी आत सोडताना दिसेल. ती डिप रॉड. पट्टी वर काढायची, ओल कोणत्या आकड्यापर्यंत आली ते बघायचं आणि तक्त्यात त्या उंचीसमोर किती लिटर लिहिलेत ते वाचायचं. पंपांवर आता इलेक्ट्रॉनिक मापकं आली, तरी डिप घेणं सुटलेलं नाही. पेट्रोल मोजायची ही सगळ्यांत जुनी रीत आणि माझ्या मते सगळ्यांत सरळ. मोटारीतल्या काट्याचा मूळपुरुष हीच काठी.

1908 साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला काटा नव्हताच. टाकी पुढच्या सीटखाली. बसलेल्यांना उठवायचं, गादी उचलायची, झाकण काढायचं आणि काठी बुडवायची. विक्रेते खुणा केलेल्या लाकडी पट्ट्या गिऱ्हाइकांना देत. पेट्रोल वर ओढायला पंप नव्हता, ते आपल्याच वजनाने इंजिनाकडे उतरे. टाकीत थोडंच उरलं असेल तर खड्या चढावर ते पुढे पोचत नसे. मग लोक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढत.

1927 च्या मॉडेल ए गाडीत टाकी थेट डॅशबोर्डमागे आली. आत तरंगणारा बुचाचा फ्लोट आणि त्याला जोडलेले आकडे समोरच्या छोट्या काचेतून दिसत. मधे ना तार, ना वीज. खड्ड्यांत आकडे डचमळत, पण टाकीत आहे तेच सांगत. अडचण इतकीच, की प्रवाशांच्या गुडघ्यांपुढे पेट्रोलची टाकी टांगलेली होती. टाकी गाडीच्या मागच्या बाजूला गेली हे बरंच झालं. मोजायची वस्तू मागे आणि वाचणारा पुढे, हा घोळ मात्र तिथे सुरू झाला.

1930 च्या दशकात काही अमेरिकन गाड्यांत यावर हवेचा उपाय होता. टाकीतून डॅशबोर्डपर्यंत बारीक नळी, नळीत कोंडलेली हवा. पेट्रोलच्या दाबाने हवा पुढे ढकलली जाई आणि काचेच्या नळीत लाल द्रव वर चढे. दिसायला देखणं प्रकरण. पण एखाद्या जोडातून हवा गळली की भरलेल्या टाकीवरही लाल रेघ खाली बसे.

शेवटी टिकली वीज. टाकीत फ्लोट, फ्लोटला दांडी, दांडीच्या टोकाला पत्र्याची जीभ. ही जीभ विजेला अडवणाऱ्या पट्टीवर घासत पुढे-मागे सरकते, तसा प्रवाह कमी-जास्त होतो आणि तिकडे काटा हलतो. सुरुवातीच्या चुंबकी मीटरमध्ये काटा इतका तल्लख असे, की प्रत्येक वळणावर अर्ध्यावरून पाऊणवर आणि परत. ते खरंच होतं, पेट्रोल टाकीत तसंच हिंदकळतं. पण डोळ्यांसमोर सारखा नाचणारा काटा कोणाला हवा असतो?

मग दोन धातूंच्या जोडपट्टीचे मीटर आले. प्रवाहाने पट्टी तापते, तापली की वाकते आणि काट्याला ढकलते. तापायला वेळ लागतो, निवायलाही लागतो, त्यामुळे वळणं आणि खड्डे तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. जुन्या गाड्यांत किल्ली फिरवल्यावर काटा आळस देत वर यायचा, तो याच पट्टीमुळे. इथे काट्याच्या घराण्याचा स्वभाव ठरला. या क्षणी टाकीत किती आहे ते सांगणं त्याने सोडलं आणि ड्रायव्हरला शांत ठेवणं पत्करलं. काटा चुकतो ते बिघाडामुळे कमी आणि अशा जाणूनबुजून घेतलेल्या निर्णयांमुळे जास्त.

त्यातला एक निर्णय फार कोणाला ठाऊक नसतो. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत रिकाम्या टाकीला विजेचा अडथळा 0 ओहम आणि भरलेल्या टाकीला 90 ओहम असा हिशेब होता. फोर्डचा बरोबर उलटा: रिकामी 73, भरलेली 10. टाकीकडची तार तुटणं म्हणजे अडथळा अमाप वाढणं, त्यामुळे तार तुटली की फोर्डचा काटा रिकाम्यावर पडे आणि जनरल मोटर्सचा ‘फुल’च्याही पुढे जाऊन बसे. खोटं बोलायचंच तर कोणत्या बाजूने, हे कारखान्यातच ठरलेलं! 2004 साली अमेरिकेत फ्लोरिडा आणि आसपास जादा गंधक असलेलं पेट्रोल विकलं गेलं. फ्लोट युनिटमधले चांदीचे संपर्कबिंदू त्याने काळे पडले, प्रवाह अडला आणि अनेकांचे काटे टाकी रिकामी असताना भरलेली दाखवू लागले.

काट्याशिवाय जगलेली एक शाखाही आहे. फोक्सवॅगन बीटलमध्ये 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काटा नव्हता. गाडी आचके देऊ लागली की रिझर्व्हचा खटका फिरवायचा. आपल्याकडे व्हेस्पा, लँब्रेटा, आकुर्डीची चेतक, सगळ्या स्कूटरींचा पेट्रोलचा कॉक याच जातीचा. टाकीत दोन तोंडं, एक उंचावर, एक तळाशी. ‘ऑन’ला उंच तोंडातून पेट्रोल येतं, पातळी त्याच्याखाली गेली की गाडी बंद, मग कॉक फिरवून तळातलं घ्यायचं. इथे मोजणंच नाही, त्यामुळे चुकणंही नाही. चूक करायचा तो माणूस: पेट्रोल भरल्यावर कॉक परत ‘ऑन’ला न आणणारा. असा एक प्रत्येक घरात असायचा आणि पुढच्या खेपेला स्कूटर आडवी करून तळाचे थेंब गोळा करायची पाळी दुसऱ्याच कोणावर यायची.

आजच्या गाडीत काटा हलवायचा की नाही ते संगणक ठरवतो. तो फ्लोटची अनेक मापं घेऊन सरासरी काढतो. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून दोन-तीन लिटर भरलं तर त्याची दखलच लवकर घेतली जात नाही. टाकीही आता सरळ डबा राहिली नाही. मागची सीट, सायलेन्सरचा पाइप यांच्यातून उरलेल्या जागेत बसवलेला वेडावाकडा प्लास्टिकचा फुगा असतो. अर्धी उंची म्हणजे अर्धं पेट्रोल हा हिशेब तिथे चालत नाही. फ्लोट छतापर्यंत पोचत नाही, म्हणून टाकी फुल्ल केल्यावर बरेच किलोमीटर काटा जागचा हलत नाही. गिऱ्हाईक खूश, गाडीचं ॲव्हरेज चांगलं वाटतं. पुढे तोच काटा भरभर उतरतो आणि आपण पंपवाल्यावर संशय घेतो. ‘ई’वर टेकल्यावरही काही लिटर उरतात, ती कंपनीने राखलेली शिल्लक.

त्या शिल्लकीवर भिस्त ठेवू नका. बहुतेक गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. कोरडा पडला तर जळू शकतो. खरा हिशेब हवा असेल तर टाकी फुल्ल करताना ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करा आणि किलोमीटरला लिटरने भागा. पाव टाकी उरली की पंप शोधा.