बार्थोलोम्यू कल्याणला उतरला होता का?

चोवीस ऑगस्टला संत बार्थोलोम्यूचा सण आला की मुंबईतल्या मरोळ गावठाणातल्या आमच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरी जुना वाद उकरला जातो. काका जेवता जेवता ठणकावतो, "आपल्याला पोर्तुगीजांनी बाटवलं नाही, बाय. येशूच्या बारा जणांतला एक इसवी सन ५५ मध्ये कल्याण बंदरात उतरला, त्यानं आपल्याला बाप्तिस्मा दिला." मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे पुरावा मागण्याचा वाईटपणा माझ्याकडे येतो.

पुरावा म्हणून आहे ते एवढंच. युसेबियस नावाच्या बिशपने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला चर्चचा इतिहास लिहिला. तो सांगतो, की अलेक्झांड्रियाचा विद्वान पँटेनस हिंदुस्थानात गेला, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती लोकांजवळ मत्तयचं शुभवर्तमान आधीच होतं. ते हिब्रू लिपीत होतं आणि बार्थोलोम्यूने मागे ठेवलेलं, असं म्हणत. पँटेनस दुसऱ्या शतकाच्या अखेरचा. कल्याणचं नाव युसेबियस घेत नाही. कल्याणच्या बाजूने जोर लावला तो विसाव्या शतकात, फादर पेरुमलिल यांच्यासारख्या अभ्यासकांनी.

पुस्तक मत्तयचंच असावं, हे मला फार सूचक वाटतं. हा लेखक ज्यूंशी वाद घालायला बसलेला. कुमारीच्या पोटी जन्म, बेथलेहेम गाव, इजिप्तला पलायन, गाढवावरून यरुशलेममध्ये प्रवेश, प्रत्येक ठिकाणी तो जुन्या संदेष्ट्याचं भाकीत काढतो आणि म्हणतो, बघा, खरं ठरलं. समोर ज्यू नसेल तर ही वकिली कोणापुढे? काका इथे लगेच अलिबागकडच्या शनिवार तेल्यांना, म्हणजे बेने इस्रायल ज्यूंना साक्षीला उभं करतो. पण ते किनाऱ्यावर कधी आले यावर एकमत नाही. शिवाय त्यांच्याच आठवणीत नवगावजवळ गलबत फुटलं, पोथ्या बुडाल्या. शब्बाथ, सुंता आणि 'शमा' प्रार्थना तेवढी उरली. हिब्रू पोथीच हाताशी नाही, त्याला यशया संदेष्ट्याचा दाखला काय पटणार?

बार्थोलोम्यू म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानातला नथनेल, अशी परंपरा आहे. ज्याच्याविषयी संदेष्ट्यांनी लिहिलं तो माणूस सापडला, तो नाझरेथचा, असं फिलिपने सांगितल्यावर याने नाक मुरडलं होतं. म्हणजे शंका काढण्याची माझी सवय प्रेषिताला चालण्यासारखी आहे!

पुढची गाठ राजाची. दंतकथेत बार्थोलोम्यू पॉलिमियस राजाला ख्रिस्ती करतो. हा आपला सातवाहन राजा पुळुमावी, असं काहींचं म्हणणं. पण नाशिकच्या लेण्यांतला वासिष्ठीपुत्र पुळुमावी दुसऱ्या शतकातला, प्रेषित पहिल्या. इतर अभ्यासक काळ्या समुद्राकाठच्या पोलेमोन राजाकडे बोट दाखवतात. आर्मेनिया तर त्याचं हौतात्म्य आपल्याच भूमीवर झालं म्हणतो. त्यात ग्रीक-रोमन लेखक 'हिंदुस्थान' म्हणताना कधी येमेन, कधी इथिओपियाही धरत.

कल्याण मात्र पोकळ नाही. बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा प्रवासी लिहितो, की कल्याणला इराणहून नेमलेला बिशप असतो. मुलुंडच्या पलीकडे ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मगुरू आले, ते नेस्टोरियन, म्हणजे इराणी परंपरेतल्या पूर्वेकडच्या चर्चच्या, ख्रिस्ती कुटुंबात उतरले. तिथे अशी पंधरा घरं होती, असं नंतर तिथे आलेला फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक सांगतो. यजमान नवरा-बायकोचं भांडण काझीपुढे गेलं, पाहुण्यांना साक्षीला बोलावलं, आणि तिथेच येशू देव की नुसता पैगंबर यावर वाद जुंपला. शेवटी चौघांचाही जीव गेला. ओडोरिकने पुढे त्यांची हाडं चीनपर्यंत नेली.

त्या पंधरा घरांतले लोक आमचे पूर्वज होते का? जोडणारा एकही कागद नाही. आमचं 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ चं, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातलं. नोकरीसाठी मुंबईत आलेल्या गोवेकर, मंगळूरकरांपासून वेगळं दिसावं म्हणून घेतलेलं. 'बाटगे' हा शब्द ऐकून ऐकून कंटाळलेल्या माणसाला प्रेषिताचा आधार हवासा वाटतो, हे मला कळतं. तरी इतिहास म्हणून मी बार्थोलोम्यूला पास करणार नाही. मरोळपुरतं बोलायचं तर हातात धरता येईल असं साल १५७९ आहे. त्या साली जेझुइटांनी बांधलेलं संत योहान बाप्तिस्ताचं देऊळ १८४० च्या साथीनंतर ओस पडलं, आणि त्याचे अवशेष आज सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड आहेत.