भर उन्हाळ्यातील नाताळ : ऑस्ट्रेलियातील प्रथा आणि परंपरा

नाताळ म्हटला की आपल्यासमोर पहाटेचा गारवा, दारातला कागदी तारा, अंगणातील गोठा आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला गरम कपडे घालून निघालेली कुटुंबे उभी राहतात. आपल्या धर्मप्रांतातील अनेक कुटुंबांची मुले आणि नातवंडे आज ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहेत. तिकडून येणाऱ्या छायाचित्रांत मात्र नाताळच्या दिवशी माणसे समुद्रकिनारी सुती कपड्यांत वावरताना दिसतात. “उन्हाळ्यात कसला आलाय नाताळ?” असा प्रश्न आमच्या परिचयातील एका आजींनी आम्हांला विचारला होता. प्रश्न साधा वाटला तरी तो श्रद्धेच्या मुळाशी जाणारा आहे. त्याचे उत्तर शोधताना ऑस्ट्रेलियातील ख्रिस्तजन्मोत्सवाची ओळख वाचकांना करून द्यावी, असे आम्हांला वाटले.

उपासनेचे वर्ष आणि उलटे ऋतू

ऑस्ट्रेलिया हा देश दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथे डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारी हे उन्हाळ्याचे महिने होत. वर्षातील सर्वांत मोठा दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. नाताळच्या पूर्वसंध्येला सिडनीत सूर्य मावळतो तो रात्रीचे आठ वाजून गेल्यावर. त्यामुळे लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सायंकाळी सहाच्या सुमारास होणारी जागरण मिस्सा तेथे लख्ख उन्हात साजरी होते.

आपल्या उपासना वर्षाची घडण उत्तर गोलार्धात झाली. संत योहान बाप्तिस्ता याचा जन्मोत्सव २४ जूनला येतो. त्या सुमारास उत्तरेकडे दिवस लहान होऊ लागतात. प्रभुजन्माचा सोहळा २५ डिसेंबरला येतो, तेव्हा दिवस मोठा होऊ लागतो. ख्रिस्ताची वाढ व्हावी आणि आपण लहान व्हावे, असे योहानाने म्हटल्याचे शुभवर्तमानात आपण वाचतो. प्राचीन धर्माचार्यांनी त्या वचनाचा संबंध सूर्याच्या या गतीशी जोडला होता. ऑस्ट्रेलियात हे सारे नेमके उलटे घडते. तेथे योहानाचा सण ऐन हिवाळ्यात येतो आणि ख्रिस्तजन्मानंतर दिवस लहान होऊ लागतात. अंधारात उगवलेला प्रकाश हे आगमनकाळातील वाचनांचे रूपक तेथील भाविकांना निसर्गात पाहायला मिळत नाही. ते त्यांना अंतःकरणातच शोधावे लागते. म्हणूनच तेथील धर्मगुरूंच्या प्रवचनांत ऋतूपेक्षा मनुष्याच्या जीवनातील अंधाराला अधिक स्थान मिळाले, तर त्यात नवल नाही.

धर्मगुरूविना गेलेले नाताळ

१७८८ च्या जानेवारीत ब्रिटिश कैद्यांना घेऊन आलेला पहिला जहाजांचा ताफा सिडनीच्या बंदरात उतरला. त्याच वर्षी युरोपीय वसाहतीचा तेथील पहिला नाताळ साजरा झाला. ताफ्याबरोबर आलेले धर्मोपदेशक रिचर्ड जॉन्सन हे अँग्लिकन होते. कैद्यांमध्ये कॅथलिक होते, पुढे आयर्लंडमधून त्यांची संख्या वाढत गेली, परंतु त्यांच्यासाठी धर्मगुरू नव्हता. १५ मे १८०३ रोजी, स्वतः कैदी म्हणून आलेले आयरिश धर्मगुरू फादर जेम्स डिक्सन यांना सिडनीत जाहीर मिस्सा अर्पण करण्याची परवानगी मिळाली. १८०४ मध्ये कैद्यांचे बंड झाले आणि ही परवानगी काढून घेण्यात आली.

१८१७ मध्ये फादर जेरेमाया ओ’फ्लिन शासकीय संमतीविना आले व १८१८ मध्ये त्यांना परत पाठविण्यात आले. जाताना ते एका घरात पवित्र साक्रामेंत ठेवून गेले आणि भाविक त्याभोवती प्रार्थनेसाठी जमत राहिले, असे तेथील परंपरा सांगते. १८२० मध्ये फादर जॉन जोसेफ थेरी व फादर फिलिप कॉनॉली हे अधिकृत धर्मगुरू म्हणून पोहोचले. म्हणजे १८१८ व १८१९ या दोन वर्षी त्या उन्हाळी भूमीतील कॅथलिकांनी नाताळ मिस्सेविना साजरा केला. घरापासून हजारो मैल दूर, परक्या ऋतूत, धर्मगुरूविना त्यांनी सण पाळला. आपल्याकडे चार-चार मिस्सांतून सोयीची वेळ निवडताना त्यांची आठवण करावयास हरकत नाही.

सूचिपर्णी वृक्षाऐवजी स्थानिक फुले

इंग्लंड-आयर्लंडमधून आलेल्या लोकांनी नव्या देशात जुन्या खुणा शोधल्या. हिरवी पाने व लाल फळे असलेली हॉली ही वनस्पती तेथे नव्हती. त्याऐवजी त्यांनी नाताळच्या सुमारास फुलणाऱ्या स्थानिक झाडांच्या फांद्या घरी आणल्या आणि देवळे सजविली. न्यू साउथ वेल्स राज्यातील ‘ख्रिसमस बुश’ हे झुडूप त्यांपैकी एक. त्याची खरी फुले पांढरी व बारीक असतात. ती गळून गेल्यावर फुलांखालचे निदल मोठे होऊन डिसेंबरात लालभडक होतात, आणि त्यांनाच लोक फुले समजतात. घंटेच्या आकाराची लाल-पिवळी ‘ख्रिसमस बेल्स’ ही फुलेही याच काळातील.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील ‘ख्रिसमस ट्री’ हा तर खराखुरा वृक्ष आहे. त्याचे शास्त्रीय नाव नुयत्सिया फ्लोरिबुंडा. डिसेंबरात तो नारिंगी-सोनेरी फुलोऱ्याने झाकून जातो. आपली मुळे आजूबाजूच्या वनस्पतींच्या मुळांना जोडून तो पोषण मिळवितो. तेथील नूंगार आदिवासींच्या लेखी हा वृक्ष फार पूर्वीपासून पवित्र आहे.

शुभेच्छापत्रांवर मात्र बर्फच टिकून राहिला. त्याला पर्याय म्हणून सिडनीतील मुद्रक जॉन सँड्स यांनी १८८१ मध्ये ऑस्ट्रेलियन चित्रांच्या नाताळपत्रांसाठी स्पर्धा घेतली होती.

मेणबत्त्यांच्या उजेडातील गीते

ऑस्ट्रेलियाने जगाला दिलेली नाताळची प्रथा म्हणून ‘कॅरल्स बाय कँडललाइट’ या सोहळ्याचा उल्लेख करावा लागेल. मेलबर्नमधील आकाशवाणी निवेदक नॉर्मन बँक्स हे १९३७ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला काम आटोपून घरी चालले होते. वाटेत त्यांना एका खिडकीत, मेणबत्तीच्या उजेडात एकटीच बसून रेडिओवरील नाताळगीताला साथ देणारी वृद्ध स्त्री दिसली. सणाच्या रात्री कोणी एकटे राहू नये, सर्वांनी मिळून गावे, हा विचार त्यांच्या मनात आला. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अलेक्झांड्रा गार्डन्स या उद्यानात सुमारे १०,००० लोक जमले. आज हा सोहळा सिडनी मायर म्युझिक बोल या खुल्या रंगमंचावर होतो आणि त्याचे उत्पन्न दृष्टिहीनांच्या सेवेसाठी दिले जाते. रात्री उघड्यावर बसता येईल असे उबदार हवामान नसते, तर ही प्रथा रुजली नसती. देशातील गावोगावच्या उद्यानांत आता अशी गायने होतात. उन्हाळ्यातील आगीच्या भीतीमुळे पुष्कळ ठिकाणी खऱ्या मेणबत्त्यांची जागा विजेरीच्या दिव्यांनी घेतली आहे.

गीतांचा आशयही बदलला. १९४८ पासून संगीतकार विल्यम जेम्स व गीतकार जॉन व्हीलर यांची ऑस्ट्रेलियन नाताळगीते प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत मेंढपाळांच्या जागी गुरे हाकणारे घोडेस्वार येतात, ब्रोल्गा हे क्रौंच जातीचे पक्षी नाचतात आणि उत्तरेचा वारा गरम असतो. त्या देशाच्या दक्षिण भागात उत्तरेचा वारा वाळवंटावरून येतो, त्यामुळे तो होरपळून टाकणाराच असतो.

मेजवानी आणि संत स्टीफनचा दिवस

भाजलेली टर्की व गरम पुडिंग हा जुना इंग्रजी बेत अजूनही काही घरांत निष्ठेने शिजतो. पण बहुतेकांनी उन्हाळ्याला शोभेल असा आहार स्वीकारला आहे : थंड हॅम, कोळंबी, कालवे, आंबे, चेरी आणि पाव्हलोव्हा. अंड्याचा पांढरा भाग साखरेबरोबर फेसून भाजतात आणि त्यावर साय व फळे घालतात, तो हा गोड पदार्थ. १९२६ मध्ये दौऱ्यावर आलेल्या रशियन नर्तकी आना पाव्हलोव्हा यांच्यावरून त्याचे नाव पडले. तो प्रथम कोणी केला, यावर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांचा वाद मात्र मिटलेला नाही. नाताळापूर्वी सिडनीचा मासळी बाजार सलग ३६ तास उघडा ठेवण्याची प्रथा आहे. आपल्या कोळीवाड्यांतील वाचकांना हे वाचून आपलेपणा वाटेल.

२६ डिसेंबर हा आद्य रक्तसाक्षी संत स्टीफन यांचा सण. तेथे हा दिवस ‘बॉक्सिंग डे’ म्हणून ओळखला जातो. मेलबर्नच्या मैदानावरील कसोटी सामना आणि १९४५ पासून चालत आलेली सिडनी ते होबार्ट ही ६२८ सागरी मैलांची शिडाच्या नौकांची शर्यत याच दिवशी सुरू होते.

सुट्टीत हरवणारा आगमनकाळ

या उन्हाळी नाताळची एक अडचणही आहे. तेथील शालेय वर्ष डिसेंबरात संपते. परीक्षांचे निकाल, निरोपसमारंभ, कार्यालयांतील मेजवान्या आणि मोठ्या सुट्टीची तयारी हे सारे आगमनकाळाच्या चार आठवड्यांतच येते. शांतपणे वाट पाहण्याचा हा काळ वर्षातील सर्वांत घाईचा ठरतो. नाताळ झाल्यावर अनेक कुटुंबे सुट्टीसाठी समुद्रकिनारी जातात. त्यामुळे पवित्र कुटुंबाचा सण, १ जानेवारीचा देवमातेचा सोहळा आणि जानेवारीच्या पहिल्या दिवसांतील रविवारी येणारा प्रकटीकरणाचा सण हे सण सुट्टीच्या गडबडीत झाकोळतात. ब्लू माउंटन्स परिसरात हौसेखातर ‘जुलैतला नाताळ’ साजरा केला जातो, पण शेकोटी व गरम जेवण यांपलीकडे त्याला धार्मिक अर्थ नाही.

उन्हाळ्याची दुसरी बाजू

ऑस्ट्रेलियातील उन्हाळा नेहमीच सुखाचा नसतो. १९७४ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ट्रेसी नावाचे चक्रीवादळ डार्विन शहरावर आले. साठांहून अधिक माणसे दगावली, बहुसंख्य घरे जमीनदोस्त झाली आणि हजारो नागरिकांना शहराबाहेर हलवावे लागले. त्या रात्री फादर टेड कॉलिन्स यांनी ध्वनिफितीवर टिपलेला वादळाचा आवाज आजही तेथील संग्रहालयात ऐकविला जातो. हेच फादर कॉलिन्स पुढे डार्विनचे बिशप झाले. २०१९ च्या डिसेंबरात वणव्यांमुळे न्यू साउथ वेल्समध्ये आणीबाणी जाहीर झाली. ३१ डिसेंबरला मालाकूटा गावी हजारो लोकांना ज्वाळांपासून वाचण्यासाठी समुद्रकिनाऱ्यावर आसरा घ्यावा लागला. अशा वेळी निराधार पवित्र कुटुंबाची कथा दूरची राहत नाही.

बाळ येशू कोणत्या रूपात?

डार्विनच्या कॅथेड्रलमध्ये कारेल कुप्का या चित्रकाराने रंगविलेले पवित्र मरिया व बाळ येशू यांचे चित्र आहे. त्यात दोघेही आदिवासी रूपात असून तिवी बेटांवरील रीतीप्रमाणे बाळ आईच्या खांद्यावर बसले आहे. २९ नोव्हेंबर १९८६ रोजी ॲलिस स्प्रिंग्ज येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी आदिवासींना उद्देशून भाषण केले. त्यांचे योगदान आनंदाने स्वीकारल्याखेरीज ऑस्ट्रेलियातील ख्रिस्तसभा पूर्णत्वास येणार नाही, असा त्याचा आशय होता. स्थलांतरितांनीही या सणात भर घातली आहे. फिलिपिनो भाविक १६ डिसेंबरपासून नऊ दिवसांची ‘सिंबांग गाबी’ ही मिस्सांची मालिका साजरी करतात. केरळी भाविकांसाठी २०१३ मध्ये मेलबर्न येथे सिरो-मलबार धर्मप्रांताची स्थापना झाली.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. संत लूकच्या शुभवर्तमानात ऋतूचा उल्लेख नाही. आहेत ते रात्री उघड्यावर कळप राखणारे मेंढपाळ. बर्फ आला तो उत्तर युरोपच्या चित्रांतून. आपणही आपल्या गोठ्यावर कापसाचा बर्फ पसरतो, जो वसईत कधी कोणी पडताना पाहिला नाही. त्यात पाप नाही. परंतु भाताचा पेंढा, केळीची पाने, विहीर आणि बैलगाडी यांनी सजलेला गोठा बाळ येशूला आपल्या वाडीत अधिक जवळ आणतो, हे ऑस्ट्रेलियातील आपल्या बांधवांकडून आपण शिकावे. यंदा तिकडे दूरध्वनी कराल तेव्हा “तुमच्याकडे नाताळ असल्यासारखे वाटते का?” असे विचारू नका. “मिस्सेला गेलात का? नाताळच्या दिवशी कोणी एकटे असेल त्याला जेवायला बोलावलेत का?” असे विचारा. नाताळ कुठेही, कोणत्याही ऋतूत असो, तो ओळखण्याची खूण हीच आहे.

सर्व वाचकांना आणि त्यांच्या परदेशस्थ आप्तांना प्रभुजन्माच्या मंगल शुभेच्छा!